लघुदृष्टि आणि विद्याभ्यास

चष्म्याशीं संबंध असलेल्या नेत्रदोषांपैकीं आपल्या भाषेनें घरगुती नांव दिलें तें एकालाच, आणि तें म्हणजे 'चाळशी'. वयाची चाळिशी उलटली कीं सुईंत दोरा ओंवतां येईनासा होतो, पोथी हातभर लांब धरून वाचावी लागते, आणि मग नाकावर चष्मा चढतो. त्या दोषालाही चाळशी म्हणतात व त्या चष्म्यालाही चाळशीच म्हणतात. याच्या उलट ज्या दोषांत जवळचें स्वच्छ दिसतें पण दूरचें धूसर होतें, त्याला मात्र असा शब्द लाभला नाहीं. 'लघुदृष्टि', 'ऱ्हस्वदृष्टि', 'निकटदृष्टि' हीं सारीं नांवें पाठ्यपुस्तकांनीं घडविलेलीं आहेत. भाषेंतील ही उणीव निरर्थक नाहीं. उतारवयांत अधू होणारी नजर घरोघर होती, तिला शब्द मिळाला. दहा-बारा वर्षांच्या मुलाला फळ्यावरचें अक्षर दिसेनासें होणें ही गोष्ट, फळा व शाळा हीं सार्वत्रिक होईपर्यंत, फारशी कोणाच्या लक्षांतच आली नव्हती. ती तेव्हां होतीच कमी, कीं होती पण कोणी पाहिली नाहीं, हा प्रश्न गेलीं दोनशें वर्षें विद्वानांस छळीत आला आहे. आणि ज्या घरांत पांचवी-सहावींतील मुलाच्या चष्म्याचा नंबर दरसाल वाढत आहे, त्या घरांतील आईबापांनाही तो वेगळ्या शब्दांत छळतोच. मुलाला अभ्यासाला बसवावें, कीं त्याचे डोळे राखावे?

प्रथम दोषाचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. प्रौढ माणसाच्या डोळ्याची पुढून मागें लांबी सुमारें २४ मिलिमीटर असते. पुढच्या पारपटलानें व आंतील भिंगानें वळविलेले किरण मागच्या दृष्टिपटलावर नेमके एकत्र आले म्हणजे प्रतिमा स्वच्छ उमटते. लघुदृष्टि माणसाचा डोळा बहुधा वाजवीपेक्षां लांब वाढलेला असतो. त्यामुळें दूरच्या वस्तूचे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात व पटलावर पोंचेपर्यंत पुन्हां विखुरतात. एका मिलिमीटरच्या जादा वाढीनें चष्म्याचा नंबर अडीच-तीननें चढतो, यावरून हें माप किती नाजूक आहे तें ध्यानांत येईल. नंबराचा अर्थही कठीण नाहीं. शंभर सेंटिमीटरांस नंबरानें भागावें. जें उत्तर येईल तेवढ्या अंतरापर्यंतच त्या माणसाला चष्म्यावांचून स्पष्ट दिसतें. उणे चार नंबरवाल्याचें स्वच्छ जग २५ सेंटिमीटरांवर, म्हणजे वीत-सव्वावीत अंतरावर, संपतें. मूल पुस्तक डोळ्याशीं धरतें म्हणून आपण त्याला रागें भरतों. पुष्कळ वेळां तें दोषाचें कारण नसून परिणाम असतो.

ग्रीक लोकांनीं या दोषाला जें नांव दिलें त्यांत 'डोळे मिटणें' हा अर्थ आहे. कारण असा माणूस पापण्या किलकिल्या करून पाहतो. ॲरिस्टॉटलच्या नांवावर असलेल्या प्रश्नसंग्रहांत, अशा माणसांचें अक्षर बारीक कां असतें, याचीही चर्चा आहे. ती वाचून कोणाही शिक्षकाला आपले दोनचार विद्यार्थी आठवावे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत ७६ नेत्ररोगांची गणना केलेली आहे. तींत तिमिर रोगाचें वर्णन करतांना, दोष दृष्टीच्या खालच्या भागीं असल्यास जवळचें दिसत नाहीं व वरच्या भागीं असल्यास दूरचें दिसत नाहीं, असें सांगितलें आहे. यावरून आमच्या पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह आंवरलेला बरा. जवळचें व दूरचें हा भेद त्यांनीं नोंदला, एवढेंच निर्विवाद. तिमिर हा वाढत जाऊन अंधत्वाकडे नेणारा रोग म्हणून त्यांनीं वर्णिला आहे. शाळकरी मुलाच्या लघुदृष्टीशीं त्याचा मेळ घालतां येत नाहीं.

चष्म्याचा जन्म इटलींत तेराव्या शतकाच्या अखेरीस झाला. इ. स. १३०६ च्या फेब्रुवारींत फ्लॉरेन्स येथें प्रवचन करतांना जॉर्दानो नांवाच्या डोमिनिकन साधूनें, ही कला निघून अजून वीस वर्षेंही झालीं नाहींत, असें श्रोत्यांस सांगितलें होतें. परंतु हे चष्मे बहिर्गोल भिंगांचे, म्हणजे चाळशीचेच होते. तरुणांच्या लघुदृष्टीला लागणारें अंतर्गोल भिंग प्रचारांत यायला आणखी दीडशें वर्षें लागलीं. मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा यानें १४६२ च्या ऑक्टोबरांत फ्लॉरेन्स येथील आपल्या वकिलास लिहून तीन डझन चष्मे मागविले. त्यांत एक डझन दूरचें पाहण्यासाठीं, म्हणजे तरुणांकरितां, एक डझन जवळचें पाहण्यासाठीं, म्हणजे वृद्धांकरितां, आणि एक डझन साधारण नजरेकरितां हवे होते. या तिसऱ्या डझनावरून, चष्मा हें त्या दरबारीं एक भूषणच होऊन बसलें होतें कीं काय, अशी शंका येते! राफाएलनें १५१८ च्या सुमारास काढलेलें पोप दहावा लिओ याचें चित्र प्रसिद्धच आहे. पोपमहाराज लघुदृष्टि होते, व चित्रांत त्यांच्या हातीं जें भिंग आहे तें अंतर्गोल आहे.

हिंदुस्थानांतही क्रम हाच दिसतो. विजयनगरचे व्यासराय स्वामी १५२० च्या सुमारास चष्मा लावून ग्रंथ वाचीत असत, असा उल्लेख सोमनाथकवीच्या 'व्यासयोगिचरित' या संस्कृत ग्रंथांत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४७ सालीं हिंदुस्थानांतील चष्म्याच्या इतिहासावर एक निबंध लिहिला. पानतंबाखूपासून घोड्याच्या नालापर्यंत कोणत्याही वस्तूचा कुलवृत्तांत शोधून काढणाऱ्या या चिकाटीच्या संशोधकाच्या नजरेंतून चष्मा सुटला असता तरच नवल. मीर मुसव्विर या चित्रकाराचें त्याच्या पुत्रानें काढलेलें जें चित्र आहे, त्यांतही त्या वृद्धाच्या नाकावर चष्मा आहे. स्वामी काय, चित्रकार काय, दोघेही वयोवृद्ध. म्हणजे येथेंही चाळशीच आधीं आली. तरुणांचा चष्मा मागाहून आला.

डोळ्यांत होतें तरी काय, हें प्रथम नीट सांगितलें तें योहान्नेस केप्लर या ज्योतिर्विदानें, १६०४ सालीं. बाळपणीं देवी येऊन त्याची दृष्टि कायमची अधू झाली होती. ताऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या या पुरुषाला तारे धड दिसत नसत, आणि ग्रहगतीचे आपले सुप्रसिद्ध नियम त्यानें टायको ब्राहेच्या निरीक्षणांवरून बसविले. वस्तूची प्रतिमा आंतील भिंगावर नव्हे तर दृष्टिपटलावर, आणि तीही उलटी, उमटते हें त्यानें दाखविलें, व अंतर्गोल भिंग लघुदृष्टि माणसाच्या उपयोगीं कां पडतें याचीही उपपत्ति दिली. लहानपणापासून अभ्यासाची किंवा बारीक कामाची संवय जडलेले डोळे जवळच्या वस्तूंसच सरावून जातात, असेंही तो म्हणून गेला. पुढील चारशें वर्षांच्या वादाचें बीज या एका विधानांत आहे.

तें बीज बराच काळ तसेंच पडून राहिलें. १८१३ सालीं लंडनचा नेत्रवैद्य जेम्स वेअर यानें रॉयल सोसायटीपुढें एक लहानसा निबंध वाचला. त्यानें कांहीं सूक्ष्म प्रयोग केले नव्हते. केवळ चौकशी केली होती. राजाच्या पायदळ रक्षकांच्या तीन पलटणींत सुमारें दहा हजार शिपाई होते. त्यांत लघुदृष्टीमुळें कमी केलेले शिपाई इतक्या वर्षांत सहाही निघाले नाहींत. चेल्सी येथील लष्करी शाळेंत तेराशें मुलें होतीं; तेथें या दोषाची तक्रार कोणी केलेलीच नव्हती, आणि मुद्दाम विचारल्यावर तिघांनीं थोडा त्रास होतो म्हणून सांगितलें. उलट ऑक्सफर्डच्या एका कॉलेजांत १२७ विद्यार्थ्यांपैकीं ३२ जण चष्मा किंवा हातभिंग वापरीत होते. यांतील कित्येकांनीं तें निव्वळ फॅशन म्हणून धरलें असेल, असें वेअरनेंच प्रांजळपणें म्हटलें आहे. तरी आंकडे बोलके होते. आमचें लक्ष मात्र चेल्सीच्या त्या मुलांकडे जातें. विचारल्यावांचून तीं कांहीं बोललीं नाहींत. ज्याला जन्मापासून झाड म्हणजे हिरवा गोळा एवढेंच ठाऊक, त्याला पानें वेगळालीं दिसतात हें कसें कळावें? जग असेंच अंधुक असतें अशी त्याची समजूत असते; आणि फळ्यावरचें वाचतां न आल्यानें मास्तर त्याला 'ढ' ठरवितात. वर्गांतील मागच्या बांकांनीं असे किती 'ढ' निर्माण केले असतील त्याची गणती नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नेत्रविद्येंत एकाएकीं उजेड पडला. १८५० च्या सुमारास हेल्महोल्ट्झनें जिवंत डोळ्याच्या आंत डोकावण्याचें उपकरण काढलें. ऑस्ट्रियांतील आर्ल्ट यानें मृतांचे डोळे चिरून, लघुदृष्टि डोळा खरोखरीच लांब असतो हें प्रत्यक्ष मापून दाखविलें. हॉलंडमधील युट्रेख्ट येथें स्नेलेननें १८६२ सालीं लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तो तक्ता छापला, जो आज प्रत्येक चष्मेवाल्याच्या भिंतीवर लटकत असतो. त्याचाच गुरु डॉण्डर्स यानें १८६४ सालीं आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध करून, चाळशी व लघुदृष्टि हे एकमेकांच्या उलट दोष नसून अगदीं निरनिराळे दोष आहेत, हें कायमचें ठरवून टाकलें. चाळशींत भिंगाचा लवचिकपणा जातो. लघुदृष्टींत डोळ्याचा आकारच बदललेला असतो. लघुदृष्टि डोळे बळकट असतात, म्हातारपणींही त्यांना वाचायला चष्मा लागत नाहीं, ही त्या काळची लोकप्रिय समजूत होती, व ती आपल्याकडेही अजून पुष्कळ घरांत नांदते आहे. डॉण्डर्सनें तिच्यावर कठोर प्रहार केला. अशा डोळ्याला तो निरोगी मानायलाच तयार नव्हता. मोठ्या नंबराच्या डोळ्यांत दृष्टिपटल ताणलें जाऊन पातळ होतें, कधीं फाटतें, कधीं सुटून येतें, हें त्यानें पाहिलें होतें.

या सिद्धतेनंतर जो पुरुष पुढें आला त्याच्यापाशीं थोडें थांबलें पाहिजे. हेर्मान कोह्न हा ब्रेस्लाव शहरांतील तरुण नेत्रवैद्य. तें शहर तेव्हां प्रशियांत होतें. आज तें पोलंडमध्यें असून त्याचें नांव व्रोत्स्वाफ असें आहे. १८६५-६६ सालीं वयाच्या सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षीं त्यानें, शहरांतील व आसपासच्या खेड्यांतील १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले. त्याच्या आधीं कोणत्याही व्याधीसाठीं शाळाशाळांतून मुलें तपासण्याचा एवढा मोठा उद्योग क्वचितच झाला असेल. त्यानें केवळ डोळे तपासले नाहींत. बांकांची उंची मोजली, बांक व मेज यांतील अंतर मोजलें, खिडक्या कोणत्या दिशेला आहेत आणि समोरच्या घरांनीं उजेड किती अडविला आहे, हेंही टिपून घेतलें. त्याचे आंकडे पुढें युरोपांत सर्वतोमुखीं झाले. खेड्यांतील शाळांत लघुदृष्टि मुलें शेंकडा १.४, शहरांतील प्राथमिक शाळांत ६.७; मधल्या शाळांत १०.३, रेआलशाळांत, म्हणजे व्यवहारोपयोगी विषयांच्या हायस्कुलांत, १९.७, आणि जेथें लॅटिन व ग्रीक घोकून विश्वविद्यालयाची वाट धरीत, त्या गिम्नेशियम शाळांत २६.२. एकाच शाळेंत वर्गागणिक पाहिलें तरी तीच चढती भाजणी. गिम्नेशियमच्या सर्वांत खालच्या वर्गांत आठांतला एक, तर सर्वांत वरच्या वर्गांत निम्म्याहून अधिक मुलें लघुदृष्टि निघालीं. अरुंद गल्लींतील अंधाऱ्या शाळांत प्रमाण जास्त होतें.

जर्मन लोकांस आपल्या शाळांचा केवढा अभिमान! त्या शाळाच देशाचे डोळे आंधळे करीत आहेत असा आरोप आंकड्यांसह पुढें आल्यावर जी खळबळ उडाली असेल तिची कल्पना करावी. सैन्याला नेमबाज कोठून मिळणार, हा प्रश्नही त्या राष्ट्रांत लगेच विचारला जाणें स्वाभाविक होतें. कोह्ननें उपाय सांगितले ते असे: वर्गांत भरपूर उजेड हवा, अतिरेक झाला तरी चालेल, बांक मुलाच्या उंचीप्रमाणें असावें, पुस्तकांचा टाइप ठसठशीत असावा, घरचा अभ्यास कमी करावा. शाळा-आरोग्याची एक मोठी चळवळच यांतून उभी राहिली, आणि आजच्या शाळांतील मोठ्या खिडक्यांचें बरेंचसें श्रेय तिला आहे. अतिरेकही झाला. मुलाचें डोकें वहीवर वांकूं नये म्हणून मेजाला लोखंडी अडसर बसविण्याचीं यंत्रें विक्रीस आलीं. लंडन येथें १९०८ पासून लघुदृष्टि मुलांकरितां स्वतंत्र वर्ग निघाले. त्यांत पुस्तक वाचण्यास बंदी. शिक्षण सारें तोंडी. आणि लिहायचें तें उभें राहून फळ्यावर मोठ्या अक्षरांनीं. हेतु चांगला होता, पण विद्येची दारें अर्धवट लावून डोळे वांचविण्याचा हा सौदा महाग होता. आणि त्यानें दोष थांबतो असें कांहीं सिद्ध झालें नाहीं.

सिद्ध न झाल्यामुळेंच विसाव्या शतकाच्या आरंभीं लंबक दुसऱ्या टोंकाला गेला. नवीं बांकें आलीं, मोठ्या खिडक्या आल्या, तरी चष्मे कमी होईनात. १९०९ सालीं कार्ल पिअर्सन व त्याची सहकारी ॲमी बॅरिंग्टन यांनीं, दृष्टीच्या बाबतींत परिस्थितीपेक्षां आनुवंशिकताच प्रबळ असल्याचा निर्वाळा दिला. १९१३ सालीं झुरिचच्या श्टाइगरनें हजारों मुलांच्या पारपटलांचीं मापें घेऊन हीच बाजू उचलून धरली. उंची जशी कोणाची कमी, कोणाची जास्त, तसाच हा डोळ्याचा आकार. पुस्तकाचा त्यांत अपराध नाहीं. बापाला चष्मा म्हणून मुलाला चष्मा, हें घरोघरच्या अनुभवाशीं जुळतही होतें, आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या सोयीचेंही होतें. जें रक्तांत आहे त्यावर उपाय काय करणार? अर्धशतकभर बहुतेक पाठ्यपुस्तकांनीं हेंच सांगितलें. वैद्यक असें हात टेंकून बसलें कीं त्याची जागा भरून काढणारे नेहमींच तयार असतात. न्यूयॉर्कच्या डॉ. बेट्सनें १९२० सालीं पुस्तक लिहून, डोळ्यांवर तळहात ठेवणें, उन्हांत डोळे फिरविणें इत्यादि व्यायामांनीं चष्मा फेंकून देतां येतो असें प्रतिपादिलें. ऑल्डस हक्स्लेसारख्या साहित्यिकानें १९४२ सालीं त्याची तरफदारी केली. आपल्या देशांतही ही पद्धति पुष्कळ लोकप्रिय झाली, आणि अजून तिचे भक्त भेटतात. लांबलेला डोळा व्यायामानें आंखूड होत नाहीं, हें तिला कोणीं तरी स्पष्ट सांगायला हवें.

आनुवंशिकतेचा हा किल्ला ढासळला तो उत्तर ध्रुवाजवळ. अलास्काच्या टोंकाला बॅरो नांवाच्या वस्तींत एस्किमो लोकांच्या डोळ्यांची पाहणी होऊन १९६९ सालीं ती प्रसिद्ध झाली. शाळेवांचून, शिकारीवर वाढलेल्या वडीलधाऱ्या पिढीच्या १३१ माणसांत लघुदृष्टि निघालीं फक्त दोन. आणि सक्तीच्या शिक्षणांत वाढलेल्या त्यांच्याच मुलानातवांत निम्म्याहून अधिक. रक्त तेंच, गोठलेला समुद्र तोच. पण एका पिढीत डोळे बदलले. एवढ्या थोड्या काळांत वंश बदलत नसतो. पुढें १९७७ सालीं वीझेल व राव्हिओला यांनीं माकडांवरील प्रयोगांत दाखविलें कीं पापण्या शिवून स्पष्ट प्रतिमा बंद केली तर वाढत्या वयांतील डोळा लांबत जातो. कोंबडीच्या पिलांतही तेंच दिसलें. डोळा आपली लांबी जन्मतःच ठरवून येत नाहीं. पुढें काय दिसतें याकडे पाहून तो आपली वाढ आंखतो, ही गोष्ट कळली. आनुवंशिकता खोटी ठरली असें मात्र नव्हे. दोन्ही पालकांस चष्मा असल्यास मुलाला तो लागण्याचा संभव वाढतोच. बीं घरांतलें खरें. तें किती फोफावेल हें अंगणावर अवलंबून.

आणि हें अंगण शब्दशः अंगण निघालें, हा या इतिहासांतील सर्वांत मनोरम भाग होय. २००८ सालीं सिडनी व सिंगापूर येथील सहा-सात वर्षांच्या, दोन्हीकडे चिनी वंशाच्याच, मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. सिंगापुरांत शेंकडा २९.१ मुलें लघुदृष्टि, सिडनींत अवघीं ३.३. पालकांतील चष्म्याचें प्रमाण सारखेंच होतें. आणि पुस्तकें? सिडनीचीं मुलें आठवड्याला उलट अधिकच वाचीत होतीं! फरक होता तो एवढाच कीं सिडनीचीं मुलें आठवड्यांत सरासरी पावणेचौदा तास घराबाहेर उजेडांत असत, आणि सिंगापूरचीं तीन तास. चांगला दिवा लावलेल्या खोलींत तीनशें ते पांचशें लक्स प्रकाश असतो. बाहेर सावलींतही तो कित्येक हजार असतो, उन्हांत लाखाच्या घरांत जातो. २००९ सालीं पिलांवरील प्रयोगांतही प्रखर उजेडानें डोळ्याची लांबण मंदावल्याचें दिसलें. उजेडानें दृष्टिपटलांत डोपामिन हें द्रव्य स्रवतें व तें डोळ्याच्या वाढीला लगाम घालतें, असा तर्क आहे. तो बराच संभाव्य असला तरी अजून तर्कच आहे. कोह्न वर्गांत उजेड मागत होता तो वहीवरचें अक्षर दिसावें म्हणून. मागणी बरोबर होती, कारण वेगळें निघालें. आणि उजेडाची जी मात्रा लागते ती कोणत्याही खिडकींतून आंत येत नाहीं, तिच्यासाठीं मुलानेंच बाहेर पडावें लागतें.

चीनमधील ग्वांगजौ येथें बारा शाळांत याची परीक्षा घेण्यांत आली. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांस रोज शाळेच्या वेळांतच ४० मिनिटें अधिक बाहेर काढलें. तीन वर्षांनीं, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, त्यांच्यांत नव्यानें लघुदृष्टि झालेलीं मुलें शेंकडा ३०.४ भरलीं, तर नेहमींच्या शाळांत ३९.५. हें यश कांहीं डोळे दिपविणारें नाहीं. पण नुसत्या मोकळ्या हवेनें दर अकरा मुलांतील एकाचा चष्मा तीन वर्षें तरी लांबला, हें काय थोडें झालें? तैवाननें तर २०१० पासून सर्व प्राथमिक शाळांस रोज दोन तास बाहेर घालविण्याचा उपदेश केला. अनेक दशकें वाढत आलेलें तेथील अधू नजरेच्या मुलांचें प्रमाण २०१२ मधील ४९.४ वरून २०१५ मध्यें ४६.१ वर आलें.

मग पुस्तक निर्दोष ठरलें काय? तसेंही नाहीं. २०१८ सालीं ब्रिटनमधील सुमारें ६८ हजार माणसांच्या जनुकांचा व शिक्षणाचा ताळा घालून असें काढण्यांत आलें कीं शिक्षणाच्या प्रत्येक वर्षागणिक नंबर सुमारें पाव डायॉप्टरनें उण्याकडे सरकतो, आणि यांत कारण शिक्षण हेंच आहे. लघुदृष्टि मुलें अधिक शिकतात असा उलटा संबंध नव्हे. म्हणजे कोह्नची चढती भाजणी दीडशें वर्षांनीं खरी ठरली. पुस्तकाचा दोष किती त्याच्या जवळपणाचा आणि किती तें मुलाला घरांत डांबून ठेवतें याचा, हें वेगळें करणें कठीण आहे. आमच्या मतें दुसरा वांटा मोठा असावा. दक्षिण कोरियांत सोल शहरांतील १९ वर्षांच्या तरुणांची सैन्यभरतीच्या वेळीं तपासणी झाली, तींत शेंकडा ९६.५ लघुदृष्टि निघाले. तेथील मुलांचा दिवस शाळेंतून शिकवणीला व शिकवणींतून घरीं, रात्रीं उशिरां, असा संपतो. आपल्या शहरांतील क्लासांच्या जिन्यांवर संध्याकाळीं सहा वाजतां जी चपलांची रास दिसते, ती पाहून कोणाला सोल फार दूर वाटूं नये.

एकदां लागलेल्या चष्म्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण येथें गैरसमज दाट आहेत. चष्मा लावल्यानें नंबर वाढतो, म्हणून शक्य तों लावूं नये, किंवा मुद्दाम कमी नंबराचा द्यावा, असें सांगणारे वडीलधारे प्रत्येक कुटुंबांत असतात. मलेशियांत ९४ मुलांवर हा प्रयोग करून पाहिला; निम्म्यांस पूर्ण नंबराचा, निम्म्यांस कमी नंबराचा चष्मा दिला. २००२ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा कीं कमी नंबरवाल्यांचाच दोष अधिक वाढला. नंबर वाढतो तो मूल वाढतें म्हणून, चष्मा लावला म्हणून नव्हे. आणि विशीच्या आसपास बहुतेकांचा तो स्थिरावतो. मुलींच्या बाबतींत तर लग्नाच्या धास्तीनें चष्मा लपविला जातो, आणि ती मुलगी फळा, रस्ता व मैत्रिणींचे चेहरे यांस अंदाजानेंच ओळखत वाढते. हा क्रूरपणा आहे, आणि तो प्रेमापोटीं केला जातो म्हणून कमी क्रूर ठरत नाहीं.

अलीकडे नंबर वाढण्याचा वेग कमी करणारे उपायही निघाले आहेत. ॲट्रोपीनचे थेंब एकोणिसाव्या शतकांतही घालीत, पण त्यांनीं बाहुली विस्फारून उजेड सोसेनासा होई. सिंगापुरांत २०१२ सालीं शेंकडा ०.०१ इतक्या सौम्य मात्रेनें कांहीं गुण येतो असें आढळलें. हाँगकाँग येथें २०१९ सालीं ०.०५ ची मात्रा अधिक गुणकारी ठरली. कडेच्या प्रतिमेला वेगळें वळण देणारीं विशेष भिंगेंही त्याच सुमारास आलीं. हे उपाय नेत्रवैद्याच्या देखरेखीखालींच करावयाचे, आणि त्यांनीं वाढ मंदावते, झालेली वाढ परत फिरत नाहीं. लेसरची शस्त्रक्रिया पारपटलाला नवा आकार देते व चष्मा सुटतो. डोळ्याची लांबी मात्र तशीच राहते. म्हणून ज्याचा नंबर सहाच्या पुढें आहे त्या प्रौढानें, चष्मा सुटला असला तरी, डोळ्यांचा मागचा पडदा वेळोवेळीं तपासून घेतला पाहिजे. नजरेपुढें एकाएकीं ठिणग्या चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, किंवा कडेनें पडदा ओढल्यासारखा झाला, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. दृष्टिपटल सुटूं लागल्याची ती खूण असूं शकते.

आपल्या देशांतील आंकडे अजून पूर्वेकडील देशांइतके भयंकर नाहींत. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत तेव्हांच्या आंध्रांतील महबूबनगर जिल्ह्याच्या खेड्यांत शेंकडा ४.१ मुलें लघुदृष्टि आढळलीं, तर दिल्ली शहरांत ७.४, ब्रेस्लावच्या खेड्याशहरांतील अंतर येथेंही ओळखूं येतें. दिल्लींतीलच ९,८८४ शाळकरी मुलांची पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां प्रमाण १३.१ वर गेलें होतें. त्याच पाहणींत, दिवसाकाठीं दोन तासांहून अधिक वेळ बाहेर खेळणाऱ्या मुलांत हा दोष कमी आढळला. आणि त्या दोन तासांसाठीं लागणारें मैदान ज्या शाळांपाशीं होतें, त्यांपैकीं कित्येक शाळांनीं मधल्या काळांत तेथें नव्या वर्गखोल्या बांधल्या आहेत.